एक मीटर, तीन बिऱ्हाडे : गोरखपूरमधील वीजबचतीचा हिशेब

जबलपूर : महिन्याला १५० युनिट, म्हणजे दिवसाला सरासरी ५ युनिट. मध्य प्रदेशातील घरगुती वीजग्राहकाच्या बिलात ही मर्यादा निर्णायक ठरते. वापर तिच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांसाठी जास्तीत जास्त १०० रुपये भरावे लागतात. ती ओलांडली गेली, तर त्या देयकापुरती सवलत संपूर्णपणे संपते. जबलपूरच्या गोरखपूरसारख्या भागात, जेथे घरमालक आणि भाडेकरू अनेकदा एकाच छताखाली राहतात, तेथे पंखा कोणता घ्यावा आणि दिवा कोणी बंद करावा या प्रश्नांच्या आधी दुसराच प्रश्न उभा राहतो : मीटर कोणाचे?

घरगुती वीजबचत हा बहुधा सवयींचा विषय मानला जातो. सवयींचे महत्त्व आहेच. परंतु बचतीचा लाभ ज्याला मिळतो, तोच बचत करतो, हा अनुभव जगभर सारखाच आहे. घर स्वतःचे असेल तर पंखा विकत घेणारा आणि बिल भरणारा एकच असतो. घर भाड्याचे असेल तर पंखा, वायरिंग आणि छत मालकाचे असते, बिल मात्र भाडेकरूचे. किंवा बिल मालकाचे आणि वापर भाडेकरूचा. या विभागणीत बचतीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

वीज मंडळाच्या शेजारची वस्ती

उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध शहराशी नामसाधर्म्य असलेले हे गोरखपूर म्हणजे जबलपूर शहराचा एक भाग. बाजारपेठ, गुरुद्वारा आणि दाट निवासी वस्ती ही त्याची ओळख. येथून जवळच, रामपूर भागात ‘शक्ती भवन’ उभे आहे. १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आले. राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालयही याच शहरात राहिले. मंडळाचे विभाजन झाल्यानंतर वीजनिर्मिती आणि पारेषण कंपन्यांचे, तसेच ‘मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी’चे मुख्यालय शक्ती भवन परिसरातच आहे. जबलपूर, सागर, रीवा आणि शहडोल या विभागांतील ग्राहकांना ही वितरण कंपनी वीज पुरवते. मराठी भाषकांची लक्षणीय वस्ती असलेला सौंसर आणि पांढुर्णा हा सीमावर्ती भागही तिच्या कार्यक्षेत्रात मोडतो. त्यामुळे गोरखपूरमधील हिशेब तेथील मराठी कुटुंबांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

जबलपूर हे बदल्यांचे शहर आहे. लष्करी छावणी, तोफगाडी कारखाना, वाहन कारखाना आणि खमरिया येथील दारूगोळा कारखाना, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, उच्च न्यायालय, राणी दुर्गावती विश्वविद्यालय आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे येथे नोकरी व शिक्षणासाठी येणाऱ्यांचा ओघ कायम असतो. त्यांतील अनेकांना घर भाड्याने घ्यावे लागते. मालकाचे कुटुंब तळमजल्यावर, एक बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर आणि गच्चीवरील खोलीत एखादा विद्यार्थी, ही रचना मध्य भारतातील जुन्या शहरांत परिचयाची आहे. अशा घरांना अनेकदा वितरण कंपनीचे मीटर एकच असते.

१५० युनिटांची रेषा

मध्य प्रदेशात ही सवलत २०१९ मध्ये ‘इंदिरा गृह ज्योती योजना’ या नावाने सर्व घरगुती ग्राहकांसाठी सुरू झाली. पुढे तिचे नाव ‘अटल गृह ज्योती योजना’ असे झाले. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणारा ग्राहक तिला पात्र ठरतो. पहिल्या १०० युनिटांचे देयक १०० रुपयांपुरते मर्यादित राहते, त्यापुढील ५० युनिटांना नेहमीचा दर लागतो आणि फरकाची रक्कम राज्य सरकार वितरण कंपनीला देते.

या रचनेचे दोन परिणाम संभवतात. वापर ९० युनिटांवरून ७० वर आणणाऱ्या कुटुंबाच्या बिलात फारसा फरक पडत नाही. तेथे बचत होते ती मुख्यतः सरकारी तिजोरीची. याउलट १५५ युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने केवळ ५ युनिट वाचवले, तर बिल काहीशे रुपयांनी उतरते. म्हणजे प्रत्येक वाचवलेल्या युनिटाचे मोल सारखे नाही. रेषेच्या जवळ ते अनेक पटींनी वाढते.

आता एकाच मीटरवरील तीन बिऱ्हाडांचा विचार करावा. समजा, मालकाच्या कुटुंबाचा वापर १३० युनिट, पहिल्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा ११० आणि गच्चीवरील खोलीचा ६० युनिट आहे. स्वतंत्र मीटर असते तर तिन्ही ग्राहक मर्यादेच्या आत राहिले असते. मीटर एकच असल्याने नोंद होते ३०० युनिटांची. सवलत कोणालाच मिळत नाही. शिवाय एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि प्रतियुनिट दरही वाढतो. गच्चीवरील विद्यार्थ्याने कितीही काटकसर केली, तरी त्या ३०० मधील ६० चे ५० करून त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याने दिवा बंद करावा, असे सांगणे सोपे. पण त्या दिव्याचा हिशेब त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

महाराष्ट्रात सवलतीची रचना वेगळी असली, तरी अडचण तीच आहे. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३०० युनिटांपर्यंत आहे आणि या दोन टप्प्यांतील दरांत मोठे अंतर आहे. नागपूर असो वा पुणे, एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असली की प्रत्येकाची वीज महाग होते.

पाच युनिट कोठे जातात?

विजेचा वापर मोजण्याची रीत साधी आहे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्ची पडते. याच हिशेबाने दोन खोल्यांत राहणाऱ्या एका लहान कुटुंबाचा महिन्याचा वापर मांडता येतो.

जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. असे दोन पंखे दिवसाला १५ तास चालले, तर महिन्याला सुमारे ६७ युनिट होतात. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लावले, तर जेमतेम साडेपाच युनिट. फ्रिजचे २० युनिट धरावेत. दूरचित्रवाणी संच चार तास चालल्यास ६ युनिट. पण त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र चालूच राहिला, तर १० वॅटच्या हिशेबाने तो एकटाच ७ युनिट खातो. मिक्सर, इस्त्री, भ्रमणध्वनी यांचे ५ युनिट मिळवले, की एकूण वापर सुमारे १११ युनिटांवर येतो. कुटुंब रेषेच्या आत आहे.

एप्रिल उजाडतो आणि कूलर सुरू होतो. १८० वॅटचा कूलर दहा तास चालला, तर महिन्याला ५४ युनिट वाढतात. एकूण वापर १६५ वर जातो आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बिल सर्वाधिक असते, तेव्हाच सवलत हातची जाते.

येथून मागे येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मालकाच्या हातातील : दोन्ही जुने पंखे काढून ३० वॅटचे, बीएलडीसी प्रकारच्या मोटरचे पंखे बसवणे. तेवढ्याच तासांसाठी ते २७ युनिट घेतात. वापर सुमारे ४० युनिटांनी घटून १२५ च्या आसपास येतो. दुसरा मार्ग भाडेकरूच्या हातातील, विनाखर्चाचा : कूलर चालू असताना त्या खोलीतील पंखा रोज आठ तास बंद ठेवणे आणि सेट-टॉप बॉक्स पाहून झाल्यावर भिंतीवरील बटणापासून बंद करणे. पहिल्याने १८ आणि दुसऱ्याने ६ युनिट वाचतात. वापर १४१ वर येतो. दोन्ही मार्गांनी रेषेच्या आत परतता येते. फरक असा की पंखा एकदा बदलला की बचत आपोआप होत राहते. सवय मात्र रोज पाळावी लागते.

पंखा मालकाचा, बिल भाडेकरूचे

बीएलडीसी पंख्याची किंमत साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपयांच्या घरात असते आणि साधा पंखा त्याहून बराच स्वस्त मिळतो. भाड्याच्या घरात पंखा बसवणारा मालक स्वाभाविकपणे स्वस्त पंखा निवडतो, कारण त्याच्या विजेचे पैसे त्याला भरायचे नसतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू महाग पंखा विकत घेण्यास धजावत नाही, कारण घर कधी सोडावे लागेल याची शाश्वती नसते. अर्थशास्त्रात या पेचाला विभाजित प्रोत्साहन म्हणतात.

हा पेच केवळ भारतातील नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ लुकास डेव्हिस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील घरगुती ऊर्जावापराच्या पाहणीचा आधार घेतला. उत्पन्न आणि इतर घटक लक्षात घेऊनही, भाडेकरूंच्या घरांत ऊर्जाक्षम फ्रिज, कपडे धुण्याची यंत्रे आणि दिवे असण्याचे प्रमाण घरमालकांपेक्षा कमी असल्याचे त्यांना आढळले. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून, ठरावीक किमान ऊर्जाश्रेणी नसलेले घर, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देता येत नाही. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून घर तापवण्याच्या इंधनावरील कार्बन शुल्क मालक आणि भाडेकरू यांच्यात विभागले जाते. इमारत जितकी अकार्यक्षम, तितका मालकाचा वाटा मोठा. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे : ज्याच्या हाती सुधारणा आहे, त्याच्यावर खर्चाचा काही भार असावा.

भारतात भाड्याच्या घरांसाठी असे बंधन नाही. मात्र उपकरणांच्या बाजूने बदल झाला आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये तारांकन योजना सुरू केली. छताच्या पंख्यांसाठी तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे. तारांकित वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक आहे. तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरोचे प्रतिपादन आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले.

दिव्यांच्या बाबतीत हे यश सहज मिळाले, त्याचे कारणही विभाजित प्रोत्साहनातच सापडते. दिवा स्वस्त असतो, भाडेकरू तो स्वतः विकत घेतो आणि घर सोडताना काढून नेऊ शकतो. पंखा छताला टांगलेला असतो, वायरिंग भिंतीत असते आणि छत तर हलवताच येत नाही.

छत, वाळा आणि कूलर

जबलपूरचा उन्हाळा विदर्भाच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हवा कोरडी असते. म्हणूनच येथे वातानुकूलन यंत्रापेक्षा कूलर अधिक परवडतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र कडक उन्हात तासाला एक युनिट किंवा त्याहून अधिक वीज घेऊ शकते. दिवसाला पाच तास चालले तरी ते एकटेच १५० युनिटांची मर्यादा संपवते. कूलरला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी वीज पुरते.

कूलरचे तत्त्व जुनेच आहे. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा पाण्याचे बाष्पीभवन होताना थंड होते. त्यासाठी आत येणाऱ्या हवेला बाहेर जाण्याची वाट हवी. दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर चालवला, तर खोलीतील दमटपणा वाढतो, गारवा कमी होतो आणि मग जोडीला पंखाही लागतो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवणे आणि समोरची खिडकी किंचित उघडी ठेवणे, ही बिनखर्चाची बचत आहे. गवताच्या जाळ्यांवर साचलेले क्षार काढणे किंवा हंगामाच्या आरंभी जाळ्या बदलणेही उपयोगी ठरते. पावसाळा सुरू झाला की हवेतील आर्द्रतेमुळे कूलरचा गारवा नाहीसा होतो. तेव्हा त्याचा पाण्याचा पंप बंद ठेवणेच इष्ट.

सर्वाधिक ताप सोसते ती गच्चीलगतची खोली. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो आणि तेथे राहणाऱ्याचा कूलर पहाटेपर्यंत चालतो. उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप दिल्यास सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परावर्तित होतो आणि छत कमी तापते. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले, तेही याच तत्त्वावर. चुना स्वस्त आहे. मात्र गच्ची मालकाची आणि उकाडा भाडेकरूचा असेल, तर लेप देण्याचे काम वर्षानुवर्षे राहून जाते.

भिंतीवरील रेग्युलेटरचीही हीच गोष्ट. जुन्या, मोठ्या चौकोनी रेग्युलेटरमध्ये पंख्याचा वेग कमी केला तरी उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये हा अपव्यय फारच कमी होतो. हिवाळ्यात गिझरकडे लक्ष द्यावे लागते. दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास तापला, तर महिन्याला ३० युनिट होतात. घरातील सर्वांनी लागोपाठ स्नान केले, तर तेच पाणी पुन्हा तापवावे लागत नाही.

सामाईक घरात आणखी एक छुपा खर्च असतो : पाण्याची मोटर आणि जिन्यातील दिवा. एक अश्वशक्तीची मोटर रोज अर्धा तास चालली, तर महिन्याला १२ ते १५ युनिट होतात. टाकी भरून पाणी वाहत राहिले तर त्याहून अधिक. हा वापर कोणाच्या मीटरवर नोंदला जातो, यावर ती वेळेवर बंद होते की नाही, हे पुष्कळदा ठरते. टाकीत पाण्याची पातळी दाखवणारा किंवा मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हा त्यावरील साधा उपाय आहे.

पोटमीटर की स्वतंत्र मीटर?

मुख्य मीटरच्या पुढे प्रत्येक बिऱ्हाडासाठी खासगी पोटमीटर बसवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यामुळे कोणाचा वापर किती, हे समजते आणि काटकसरीला अर्थ प्राप्त होतो. परंतु पोटमीटर वितरण कंपनीच्या नोंदीत नसते. कंपनीसाठी ग्राहक एकच राहतो, वापर एकत्रित मोजला जातो आणि सवलत मिळत नाही. अनेकदा प्रतियुनिट ठोक दर मालक ठरवतो; मूळ देयक भाडेकरूला दिसत नाही. अशा वेळी वीज वाचवण्याऐवजी वादच वाढतात.

स्वतंत्र जोडणीबाबत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तेथील भोगवटादार, दोघांपैकी कोणीही अर्ज केल्यास वीज पुरवणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. मालक ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, एवढ्याच कारणास्तव भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच पाहावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात दिला. ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार महानगरांत तीन, अन्य नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांच्या आत नवी जोडणी देणे अपेक्षित आहे. 

तरीही मालक कचरतात. मीटर भाडेकरूच्या नावावर गेले तर तो घरावर हक्क सांगेल, ही एक भीती. तो थकबाकी ठेवून निघून जाईल, ही दुसरी. वीजबिल हे मालकीहक्काचे प्रमाण मानले जात नाही, त्यामुळे पहिल्या भीतीला फारसा आधार नाही. दुसरी रास्त आहे. तिच्यावर मधला मार्ग निघू शकतो : बिऱ्हाड खरोखर विभक्त आणि वायरिंग स्वतंत्र असेल, तर मालकाने स्वतःच्याच नावे त्या भागासाठी वेगळे मीटर घ्यावे आणि देयक भाडेकरूने थेट भरावे. सवलतीच्या नियमांत बसते किंवा नाही, हे त्यापूर्वी वितरण कार्यालयात विचारून घेणे हिताचे. एकाच कुटुंबाने केवळ सवलतीसाठी मीटर विभागणे हा योजनेचा हेतू नाही.

सौर छप्पर आणि दिवसाचे दर

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट आहे. दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार रुपये, असे एकूण कमाल ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो. मात्र अर्जदाराचे स्वतःचे, संच बसवण्याजोगे छत असलेले घर असावे, ही अट आहे. त्यामुळे भाडेकरू या योजनेच्या बाहेर राहतो. मालकाने संच बसवला, तरी त्याच्या मीटरवरील घट भाडेकरूच्या पोटमीटरवर दिसेलच, असे नाही.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीत, शेती वगळता अन्य ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार बदलणाऱ्या दरांची तरतूद केली. स्मार्ट मीटर बसवलेल्या ग्राहकांना सौर ऊर्जेच्या तासांत वीज स्वस्त आणि सायंकाळच्या मागणीच्या तासांत महाग, असे त्याचे स्वरूप आहे. ज्याच्याकडे स्वतःचे स्मार्ट मीटर आहे, तो इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारी चालवून लाभ घेऊ शकेल. पोटमीटरवर राहणाऱ्याला दुपार आणि संध्याकाळ सारखीच.

करारनाम्यातील चार ओळी

मालक आणि भाडेकरू या दोघांच्याही हिताची तजवीज भाडेकरारातच करता येण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घराच्या आतील व बाहेरील वायरिंगची मोठी कामे मालकाकडे, तर बटणे आणि सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूकडे सोपवली आहे. राज्यांवर हा कायदा आपोआप बंधनकारक नसला, तरी त्यातील विभागणी करारासाठी आधार म्हणून घेता येते.

त्याला जोडून चार बाबी लेखी ठरवता येतात. प्रत्येक बिऱ्हाडाचे मीटर स्वतंत्र असावे. ते शक्य नसेल तर मूळ देयकाची प्रत दरमहा सर्वांना दाखवावी आणि दर त्यानुसारच ठरावा. घरात येताना व घर सोडताना मीटरच्या आकड्याची नोंद दोघांच्या स्वाक्षरीने व्हावी. मोटर आणि जिन्यातील दिवा यांचा खर्च कसा विभागायचा, हे आधीच ठरावे. भाडेकरूने ऊर्जाक्षम पंखा स्वखर्चाने बसवला, तर घर सोडताना तो नेण्याची मुभा असावी किंवा त्याची रक्कम भाड्यातून हप्त्यांनी वळती व्हावी.

वाचलेल्या प्रत्येक युनिटाचा लाभ घरापुरता नसतो. मध्य प्रदेशाची बरीचशी वीज आजही बिरसिंहपूर आणि चचाई येथील केंद्रांसारख्या कोळशावरील प्रकल्पांतून येते. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. महिन्याला ४० युनिट वाचवणारे दोन पंखे म्हणजे वर्षाला तीनशे किलोहून अधिक उत्सर्जनाची घट.

उन्हाळा सुरू होण्यापूर्वी मार्चमध्येच हा हिशेब मांडणे सोयीचे. मागील वर्षाच्या एप्रिल ते जून या महिन्यांची देयके पाहिली, तर आपण १५० च्या रेषेपासून किती दूर आहोत, हे लगेच कळते. दहा-पंधरा युनिटांचे अंतर असेल तर सवयींनी भागते. चाळीस युनिटांचे असेल तर पंखे बदलावे लागतात. आणि एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असतील, तर आधी मीटरची विभागणी करावी लागते.